किटली घरी ठेवून

वन्सं, तुमचे बूट गॅलरीत होते तसेच आहेत. नाड्यांच्या गाठी पक्क्या, टाचा मागून चेपलेल्या. तुम्ही त्या नाड्या कधी सोडल्याच नाहीत. पहिल्या दिवशी बांधल्या त्या बांधल्या, मग रोज पाय आत कोंबायचा आणि जमिनीवर आपटून टाच बसवायची. असे बूट खराब होतात म्हणून मी रोज कटकट करायची आणि तुम्ही रोज "बरं" म्हणायचात. तुम्ही जन्मभर टेलिफोन ऑपरेटर; तुमचं ते "बरं" मला पुढे पुढे कळायला लागलं होतं. समोरच्याचं म्हणणं ऐकून घेतलं आहे, एवढाच त्याचा अर्थ असायचा.

परवा तेरावा झाला. काल पाहुणे गेले. आज सकाळी जे घडलं ते तुम्हाला सांगायचं आहे, कारण ते सांगावं असं दुसरं माणूस मला नाही. पण त्याच्या आधी आपलं भांडण पुरं करायला हवं. ते अर्धवट राहिलं आहे आणि अर्धवट कामं मला आवडत नाहीत, हे तुम्ही जाणता.

तुम्ही नवीन पनवेलला आमच्याकडे राहायला आलात तेव्हा मला काही आनंद झाला नव्हता. हे लिहायला हरकत नाही, तुम्हाला ते ठाऊक होतं. तुमची कंपनी बंद झाली, लग्न तुम्ही केलं नव्हतंत, आईवडील गेलेले, मग भावाकडे नाही तर कुठे जाणार? सगळं मान्य होतं. पण दोन खोल्या आणि स्वयंपाकघर, त्यात कॉलेजला जाणारी आमची लेक, आणि त्यात तुमचा तो खणखणीत आवाज. दाराची बेल वाजली की आतूनच म्हणायचात, "बोला!" बाहेर भंगारवाला असो की तुमच्या भावाचे साहेब असोत. मी स्वयंपाकघरात शरमेनं अर्धी व्हायची. जन्मभर तोंड न दिसणाऱ्या माणसांशी बोलल्यामुळे तुम्हाला कोणाच्या तोंडाची भीतीच उरली नव्हती, असं मला वाटतं. मला मात्र प्रत्येकाच्या तोंडाची भीती.

आपली दोस्ती झाली ती पनवेलच्या एस.टी. स्टँडवर. करंजाला तुमच्या मैत्रिणीकडे जायचं होतं. आपण फाटकातून आत शिरलो आणि उरणची गाडी सुटत होती. लांबही नव्हती. कंडक्टरनं आपल्याला पाहून गाडी जराशी थांबवलीसुद्धा. आपण धावलो, म्हणजे धावतो आहोत असं आपल्याला वाटलं. माझी पिशवी एका बाजूला, पदर दुसऱ्या बाजूला, आणि तुम्ही माझ्या मागे फुसफुसत. अर्ध्या वाटेत माझ्या कुशीत अशी कळ आली की मी खाली बसायचीच बाकी होते. कंडक्टरनं दारातून वाकून पाहिलं आणि ओरडला, "आजी, राहू द्या! पुढच्या गाडीनं या!" आणि बेल मारली.

बाकड्यावर आपण किती तरी वेळ नुसत्या श्वास घेत बसलो. मग तुम्ही म्हणालात, "मला आजी म्हणाला."

"म्हणू दे हो," मी म्हटलं.

"दिसते का मी आजी?"

तुम्ही स्वतःकडे खाली पाहिलंत, मग माझ्याकडे. आपण दोघी बसून बाकडं भरलं होतं. "दिसत असेन तर असेन," तुम्ही म्हणालात, "पण गाडी का चुकावी, सुधा? लहानपणी धावता येत होतं ना? मग ते गेलं कुठे?"

करंजाला आपण गेलोच नाही. तुम्ही मला थेट बाजारात बुटांच्या दुकानात नेलंत. कॅनव्हासचे पांढरे बूट मागितलेत. दुकानदारानं विचारलं, "मुलाचं माप आणलंय का?" तुम्ही स्टुलावर बसून पाय पुढे केलात आणि म्हणालात, "हे माप." त्या बिचाऱ्याला तुमच्या पावलाकडे बघावं की तोंडाकडे ते कळेना. शेवटी शाळेतल्या पी.टी.चे बूट घेऊन आपण घरी आलो, तुमचे आणि माझे. तुमचे भाऊ ते बघून म्हणाले, "हे काय, दोघी शाळेत नाव घालताय का?" आणि वर्तमानपत्र डोळ्यांपुढे धरलं. पेपरामागे हसत होते.

दूध मी रोज गावाकडच्या गोठ्यावरून आणायची. हिराबाईचा गोठा. दुसऱ्या दिवशी मी किटली घेऊन निघाले तर तुम्ही बूट घालून दारात उभ्या. आपल्या सेक्टरमधले रस्ते तेव्हा माणसांच्या आधी येऊन राहिले होते. रुंद डांबरी रस्ता, दिव्यांचे खांब, दोन्हीकडे गवत माजलेले प्लॉट आणि बिल्डिंग मात्र इथे एक, तिथे एक. धावायला याहून चांगली जागा कुठे मिळणार? बघायलाही फारसं कोणी नाही, असं म्हणून मी तयार झाले.

पहिल्या दिवशी आपण दुसऱ्या खांबालाच गार झालो. माझ्या छातीत शिट्टी वाजत होती. तुम्ही खांबाला मिठी मारून उभ्या होतात. मग ठरलं, एक खांब धावायचं, एक खांब चालायचं. तेही जमेना. मांड्या घासून सोलवटल्या, तर रात्री दोघींनी आळीपाळीनं खोबरेल लावलं. तुमच्या अंगठ्याचं नख काळं पडलं. साडीच्या निऱ्या पायात येऊन मी रस्त्यावर पालथी पडले, तेव्हा तुम्ही आधी किटलीचं झाकण शोधायला धावलात आणि मग मला उठवलंत. त्यानंतर तुम्ही दोघींना पंजाबी ड्रेस शिवून घेतले. लग्नानंतर मी साडीशिवाय घराबाहेर पडले ती त्या दिवशी पहिल्यांदा. जिना उतरताना भिंतीला चिकटून उतरले होते.

आणि बघायला कोणी नाही, हे काही खरं नव्हतं. आपल्याकडे मोठी माणसं दोनच वेळा धावतात, गाडी सुटते तेव्हा आणि कोणी जातं तेव्हा. पहिल्याच आठवड्यात एका रिक्षावाल्यानं आपल्या पुढे नेऊन रिक्षा थांबवली. "मावशी, दवाखान्यात जायचं आहे का? बसा, पैशाचं नंतर बघू." किती भला माणूस. तुम्ही काही बोलणार तेवढ्यात मी किटली वर करून दाखवली आणि म्हटलं, "नाही हो, दूध संपेल म्हणून." तो समजल्यासारखी मान हलवून गेला. मला हायसं वाटलं. तिथून ती किटली माझा परवानाच झाली. कोणी बघितलं की मी ती जरा उंच धरायची.

हिराबाईपुढे मात्र ती चालली नाही. तिच्या शेळ्या रस्त्याकडेच्या प्लॉटवर चरायच्या. तो प्लॉट एके काळी तिचंच भाताचं शेत होता. तिनं आपल्याला लांबून पाहिलं आणि हातातली काठी टाकून पुढे आली. "काय गो बायांनो, कोन मेला?"

"कोणी नाही," मी म्हटलं. "दूध संपेल ना, म्हणून."

"मैस माजी, दूद माजा," हिराबाई म्हणाली. "मना ठावं नाय ते तुला ठावं?"

तुम्ही इतक्या हसलात की पोट धरून रस्त्याच्या कडेला बसलात. पुढे तिनं तो रोजचा खेळच केला. आपण दिसलो की लांबूनच ओरडायची, "आज कोन मेला?" आणि मी रोज किटली वर करायची.

आपलं भांडण ते हेच. दूध भरलं की किटली हातात घेऊन धावता येत नाही. म्हणजे जाताना धावायचं आणि येताना संथ चालत यायचं. तुम्हाला ते पटत नव्हतं. "निम्मंच धावतो आपण," म्हणायचात. "सुधा, किटली घरी ठेव. दूध मागाहून आणू."

"आणि कोणी विचारलं तर सांगायचं काय?"

"धावायचं म्हणून धावतो."

"एवढंच?"

"एवढंच. ट्रंक कॉल समज. थोडक्यात सांगायचं आणि ठेवून द्यायचं."

तुम्हाला बोलायला सोपं होतं, वन्सं. तुम्हाला ना सासर, ना साहेबाची बायको खालच्या मजल्यावर. माझ्या मुलीला उद्या स्थळं येणार होती. नवऱ्याच्या ऑफिसातली निम्मी माणसं त्याच सेक्टरमध्ये. बाई कामाला निघाली तर तिला कोणी विचारत नाही, पण नुसती स्वतःसाठी निघाली की सगळ्यांना उत्तर द्यावं लागतं. हे मी तेव्हाही तुम्हाला सांगितलं होतं, आणि अजूनही मला ते फारसं चुकीचं वाटत नाही. तुम्ही ऐकून घेतलंत आणि म्हणालात, "बरं."

मग तो दिवस आला ना, आपण घरापासून गोठ्यापर्यंत एकदाही न थांबता गेलो. वाटेतली पाण्याची टाकी मागे गेली तरी आपण धावतच होतो, आणि एकमेकींकडे बघत होतो की आता कोण थांबणार. कोणीच थांबलं नाही. गोठ्याशी पोचल्यावर तुम्ही म्हशीच्या खुंट्याला धरून नुसत्या हसत होतात, शब्द फुटत नव्हता. मला रडू आलं. तोवर माझं अंग म्हणजे माझ्या लेखी पोळ्या लाटायचं, बादल्या उचलायचं एक साधन होतं. ते आपल्या मजेसाठीही चालतं हे मला चाळिशी उलटल्यावर कळलं, आणि ते तुम्ही दाखवलंत. याबद्दल मी तुमचे आभार कधी मानले नाहीत. घरातल्या घरात कोण आभार मानतं?

त्याच दिवशी तुम्ही म्हणालात, "चल, आता परत!" मी भरलेली किटली दाखवली. तुम्ही एकदा किटलीकडे बघितलंत, एकदा माझ्याकडे, आणि वळून एकट्याच धावत सुटलात. मी दूध सांभाळत मागून चालत आले. टाकीपाशी तुम्ही कठड्यावर बसून माझी वाट बघत होतात, घामानं चिंब, तोंडभर हसू. त्यानंतर रोज असंच. जाताना दोघी, येताना तुम्ही पुढे आणि मी मागे.

पावसाळा संपता संपता तुम्हाला ताप आला. नव्या बिल्डिंगच्या पायाच्या खड्ड्यांत पाणी साचलेलं, डासांचं साम्राज्य, घरोघर एक तरी आजारी होतंच. आपण आधी साधा समजलो. मग तो मलेरिया डोक्यात गेला असं डॉक्टर म्हणाले आणि तुम्हाला पनवेलच्या दवाखान्यात हलवलं. ग्लानीत तुम्ही कोणाकोणाला लाइन जोडून देत होतात. "होल्ड करा. बोला. जोडलंय, बोला." नर्स घाबरायची. मी तिला सांगितलं, त्या कामावर आहेत, बोलू दे.

एका सकाळी तुम्ही अगदी शुद्धीवर होतात. मला विचारलंत, "आज गेली होतीस?"

"कुठे?"

"धावायला."

"वन्सं, तुम्ही इथे असताना मी धावायला जाऊ?"

तुम्ही माझ्याकडे बघितलंत आणि म्हणालात, "बरं."

त्यानंतर तुम्ही मला ओळखून काही बोलला नाहीत. माझ्या वाट्याला आलेलं तुमचं शेवटचं बोलणं ते "बरं". त्याचा अर्थ मला ठाऊक आहे, म्हणून तर एवढं लिहिते आहे.

तुम्ही गेल्यावर डॉक्टर तुमच्या भावाला म्हणाले, "हार्ट फार चांगलं होतं हो त्यांचं. म्हणून इतके दिवस झुंजल्या." ते शेवटचे चार दिवस आम्हाला मिळाले ते त्या रस्त्यावरचे होते, असं मी धरून चालते. पण भेटायला येणाऱ्यांना हे कोण सांगणार? दादरच्या काकू पहिल्याच दिवशी म्हणाल्या, "या वयात धावायचं काय नडलं होतं म्हणते मी! अंगातली शक्ती सगळी तिथेच गेली, मग ताप झेपणार कसा?" डास चावला होता, काकू, असं मला म्हणायचं होतं. मी चहा ओतत राहिले. येणारा प्रत्येक जण तेच म्हणत होता आणि म्हणताना माझ्या पायांकडे बघत होता.

एका संध्याकाळी तुमचे भाऊ माझ्याजवळ येऊन बसले. "तू पण आता बस कर, सुधा," म्हणाले. रागानं नाही, घाबरून म्हणाले. त्यांची बहीण गेली होती, त्यांना उगीच कसं दुखवू? मी हो म्हटलं नाही आणि नाहीही म्हटलं नाही. सुतकात आपल्या ओट्यावर किटली पालथीच होती. समोरच्या सावंतवहिनी रोज सकाळी दूध तापवून दारात आणून द्यायच्या, चहासकट. फार केलं त्यांनी. पण दूध घरात येऊन पडलं तसं माझं बाहेर पडायचं कारणच संपलं. आता थांबायचं तर ही सोयीची वेळ होती, कोणी काही विचारलंही नसतं. आपलं धावणं दूध आणण्यासाठी होतं, असंच सगळ्यांच्या लक्षात राहिलं असतं.

मग गुरुजी तेराव्याचं सामान सांगायला आले. पांघरूण, भांडं, छत्री आणि पायातलं. गेलेल्या माणसाला पुढच्या वाटेवर पाय पोळू नयेत म्हणून पायातलं दान करतात. तुमचे भाऊ म्हणाले, "लेडीज चपला आणतो, तिच्या मापाच्या."

काकू होत्या, सावंतवहिनी होत्या, चुलत्यांकडची सगळी माणसं बसलेली होती. मी पोह्यांची बशी खाली ठेवली आणि म्हटलं, "चपला नकोत. कॅनव्हासचे बूट आणा. पांढरे."

"अगं, काहीतरीच काय," काकू म्हणाल्या.

"वन्सं चपला घालून धावू शकत नाहीत," मी म्हटलं. माझाच आवाज मला खणखणीत लागला. काकूंनी गुरुजींकडे पाहिलं. शेवटी गुरुजीच म्हणाले, "पायातलं हवं, इतकंच. चपलाच हव्यात असं काही नाही."

तुमचे भाऊ बाजारात त्याच दुकानात गेले. परत आले तेव्हा बुटांचं खोकं हातातच धरून उभे राहिले. म्हणाले, "दुकानदारानं विचारलं, मुलाला हवेत का. म्हटलं, नाही, बहिणीला. तर म्हणाला, त्यांनाच घेऊन या ना, घालून बघू देत." एवढं सांगून ते पाणी प्यायला आत गेले आणि बराच वेळ आले नाहीत. तुम्ही गेल्यापासून ते त्या दिवशी पहिल्यांदा रडले. दान नीट झालं. बूट नवे आहेत, नाड्या मी ओवून दिल्यात, पण बांधल्या नाहीत. ते तुमचं तुम्ही बघा. गुरुजींच्या नातवाला ते शाळेत होतील असं दिसतंय, तेव्हा निदान इकडे तरी कोणीतरी त्यांच्यातून पळेल.

आज सकाळी जाग आली तेव्हा दूध दारात आलेलं होतं. सावंतवहिनींना आजपासून आणू नका म्हणायचं राहून गेलं होतं. मी ते पुन्हा तापत ठेवलं आणि ओट्यापाशी उभी राहिले. किटली पालथी होती. उचलली, पुसली. रिकामी जरी नेली असती तरी हातात असती, झाकण वाजलं असतं. मग ती परत होती तशी ठेवली. बूट घातले. तुमचे भाऊ गॅलरीत ब्रश करत उभे होते. त्यांनी माझ्या पायांकडे बघितलं, मग तुमच्या बुटांकडे. म्हणाले, "गॅस मी बंद करतो."

हात मोकळे असले की धावताना त्यांचं काय करायचं ते कळत नाही, वन्सं. हे तुम्ही मला सांगितलं नव्हतंत. पहिल्या खांबापर्यंत मी ते नुसते अंगाशी धरून धावले. इतके दिवस धावणं बंद असल्यामुळे दमही लवकर लागला. टाकीपाशी थांबावंसं वाटलं, पण कठडा रिकामा होता तर तिथे थांबून काय करू?

हिराबाई शेळ्या घेऊन रस्त्यावर होती. या वेळी तिनं लांबून काही विचारलं नाही. जवळ गेले तेव्हा म्हणाली, "थोरली गेली ना? ऐकला मी. वाईट झाला." मी जागच्या जागी पाय हलवत मान डोलावली, थांबले असते तर मला पुन्हा निघवलं नसतं. मग तिचं लक्ष माझ्या हाताकडे गेलं. "आनि किटली कुठं हाय?"

"घरी."

"दूद नको?"

"नको. शेजारणीनं दिलंय."

"मंग धावतंस कशाला?"

कोणी मेलं म्हणून, असं सांगता आलं असतं. या खेपेला ते खरंही होतं. पण ते तुमच्या धावण्याचं कारण कधीच नव्हतं, मग माझ्या का असावं? मी म्हटलं, "धावायचं म्हणून."

रस्त्यात आडवी उभी राहिलेली शेळी हिराबाईनं दावं ओढून बाजूला घेतली. "ए, सरक," तिला म्हणाली, "जाव दे तिला."

मी गोठ्यापर्यंत गेले, तुमच्या त्या खुंट्याला हात लावला आणि वळले. तुम्ही पुढे नव्हतात. माझ्या हातात सांडण्यासारखं काही नव्हतं. येतानासुद्धा मी धावत आले, वन्सं.